एका माणसाच्या मापाचा पलंग

अहो, आज परत एकदा खाली जाऊन आले. गाडी जागेवर आहे. ती कुठं जाणार आहे म्हणा, किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे, पण तुम्ही गेल्यापासून कुठलीही गोष्ट जागेवर असेल यावर माझा विश्वासच राहिलेला नाही. वर आले, गॅसचं बटण बघितलं. बाल्कनीचं दार बघितलं. खुर्चीत बसले, उठले, परत चप्पल घातली. वॉचमन आताशा मला बघून न बघितल्यासारखं करतो. तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही आणि सोसायटीतल्या बायका एकमेकींना सांगतात, कदमकाकूंनी किती पटकन सावरलं! सावरलंय कसलं. बूड टेकत नाही म्हणून फिरत असते.

काल एक जोडपं गाडी बघायला आलं होतं. गाडी विकायची की ठेवायची, हा एकच प्रश्न कालपर्यंत आपल्या घरात होता. त्याचं काल काय झालं ते तुम्हाला सांगायचंय, पण ओळीनं सांगते. मधूनच सुरुवात केली की तुम्ही म्हणायचात, "सिस्टर, नीट चार्ज द्या."

नवरा बायकोला सिस्टर म्हणतो म्हणून तुमच्या आई शेवटपर्यंत कपाळाला हात लावायच्या. मी हॉस्पिटलात सिस्टर होते हे त्यांना पटायचं, घरात कशाला, हे पटायचं नाही. तुम्ही चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर, त्यामुळे तुमचा शब्द चार्ज. माझा शब्द ओव्हर. गोष्ट एकच. ड्यूटी संपली की पुढच्या माणसाला सगळं सांगायचं, कुठल्या पेशंटचं सलाईन संपत आलंय, कुठल्या प्रेसचं तेल गळतंय, आणि मगच निघायचं. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम तुमच्याकडे होता तसाच आमच्याकडे. तो आपण घरी आणला. आणला म्हणजे काय, दुसरा इलाजच नव्हता. आपली लेक मनू लहान, तुमच्या आई गावाला, घरात तिसरं माणूस नाही. तुमची फर्स्ट असली की मी इव्हिनिंग मागून घ्यायची, माझी नाइट असली की तुम्ही कुणाच्या तरी हातापाया पडून शिफ्ट बदलायची. लोकांचा संसार घरात होतो, आपला उंबऱ्यात झाला. एक आत येतोय, एक बाहेर पडतोय. "मनूचा ताप उतरलाय, वरण गरम आहे, उद्या दूध नको म्हणून सांगितलंय." ऐकणाऱ्यानं पायातले बूट काढता काढता म्हणायचं, "जा, मी आहे."

ते ऐकलं की मी जिना उतरायची. "मी आहे" म्हटल्यावर मागं वळून बघायचं कारणच उरायचं नाही. तुमच्या तोंडून मी एवढंच वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय. प्रेमाचं काही ऐकल्याचं आठवत नाही. आठवत असेल तर तुम्ही सांगा.

मग दोघंही रिटायर झालो. आधी मी, मग तुम्ही. आता निवांत, असं सगळे म्हणाले. निवांत कुठलं? सकाळी कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की दोघंही दचकून उठायचो आणि एकमेकांकडे असं बघायचो, जणू दोघांपैकी एकजण चुकून थांबलाय. त्यात तुमची कंपनी जुनी स्टाफ मिनीबस मोडीत काढत होती. ज्या बसमध्ये तुम्ही सगळी नोकरी झोपून काढलीत, तीच तुम्ही घरी घेऊन आलात. मी वरून बाल्कनीतून बघितलं, तर तुम्ही खाली हार घातलेल्या बसशेजारी उभे, नवरदेवासारखे. "हिच्यात घर करायचं," म्हणालात. "अख्खा देश फिरायचा."

हौसेला मोल नसतं हे खरं. थेरगावला रफिकभाईंच्या गॅरेजमध्ये बस उभी राहिली आणि तुम्हीही तिथंच राहायला गेलात. सीट काढल्या, शेगडी बसवली, बेसिन बसवलं, पडदे मला शिवायला लावलेत. मला मात्र बघू दिलं नाहीत. म्हणे, एकदम दाखवणार. दसरा झाला, पाऊस गेला असं टीव्हीपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनी सांगितलं, आणि आपण निघालो.

खंबाटकीच्या घाटात पहिला थेंब काचेवर पडला. "जाता जाता पडतोय," तुम्ही म्हणालात. "उघडेल." कराडच्या पुढं एका पेट्रोल पंपाच्या मागं गाडी लावली तेव्हा असा कोसळत होता की पंप दिसेना. मी पोळ्या केल्या, आपण जेवलो, आणि तुम्ही मोठ्या थाटात भिंतीला दुमडून ठेवलेला पलंग उघडलात.

"अहो, हा एवढाच?"

"एवढाच म्हणजे? ऐसपैस आहे. झोपून बघ की. माप घेऊन केलाय."

"कुणाचं माप?"

तुम्ही पलंगाकडे बघितलंत. मग माझ्याकडे. मग परत पलंगाकडे. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि तुमचा चेहरा हळूहळू पडत गेला. अहो, मी किती हसले! पोट धरून हसले. तुम्ही एका माणसाच्या मापाचा पलंग केला होतात. रफिकभाईंनी विचारलंही होतं म्हणे, "भाई, बेड छोटा वाटतोय, दोघांचा आहे ना?" तर तुम्ही ठणकावून सांगितलंत, "दोघांचाच आहे." तुमच्या हिशेबानं बरोबरच होतं. घरचा पलंगही दोघांचाच होता, पाळीपाळीनं. मी उठायची तेव्हा तुम्ही आडवे व्हायचात, आणि सुट्टी जमून आली तर मध्ये मनू. प्रेस शॉपमध्ये केसाएवढा फरक पकडणारा माणूस, आणि बायकोला मापात धरायलाच विसरला.

तुम्ही हसला नाहीत. कडेला बसलात आणि म्हणालात, "मला आठवतच नाही गं, आपण दोघं एका वेळी झोपल्याचं." माझं हसू तिथंच थांबलं. मलाही आठवत नव्हतं. पण सांगून टाकते, तुम्ही ज्या आवाजात ते म्हणालात ना, तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. बरं वाटलं मला. चुकलेल्या पलंगावर एवढं वाईट वाटून घेणारा नवरा मिळाला, हे मला रिटायर झाल्यावर कळलं.

मग काय, सवयीप्रमाणे पाळी लावली. मी पलंगावर, तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर मान वाकडी करून. गगनबावड्यापर्यंत तसंच चाललं. तिथं ड्रायव्हरच्या सीटवरच गळायला लागलं. आधी डोक्यावर, मग मांडीवर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, इथं पावसातच तेरावा आला. तुम्ही प्लास्टिकची पिशवी डोक्याला बांधून बसलात, हट्टी. शेवटी मीच ओरडले, या इकडे. त्या एवढ्याशा फळीवर आपण दोघं. एकानं कूस बदलायची तर दुसऱ्यानं बदललीच पाहिजे. "मी वळतेय." "वळ." "आता मी वळतो." "थांबा, माझा हात अडकलाय." त्यातही ओव्हर दिल्याशिवाय आपल्याला हलता येईना. पावसानं आपल्याला एका पलंगावर आणलं हो. सप्तपदीला जमलं नव्हतं ते.

पुढं कोकणात उतरलो तर तिथंही तेच. समुद्र आहे हे आवाजावरून कळायचं. बाकी सगळं राखाडी, आकाश कुठं संपतंय आणि पाणी कुठं सुरू होतंय पत्ता नाही. बसच्या वरच्या दांड्यावर, जिथं तुमच्या शिफ्टची पोरं लोंबकळायची, तिथं माझी ओली साडी, तुमचा पायजमा, टॉवेल, सगळं लोंबकळत होतं. वाळत काहीच नव्हतं. कुबट वास. काचांवर वाफ. मालवणच्या अलीकडे एका बाईनं आपल्याला तिच्या अंगणात गाडी लावू दिली. कापलेल्या भातावर ताडपत्री घालून ती उभी होती. तुम्ही सलगीनं म्हणालात, "काय मावशी, पाऊस काही सोडत नाही." ती म्हणाली, "आमचा भात कुजता हां, आणि तुमी फिराक इलात?" आपण दोघं खाली मान घालून उभे. मग तीच म्हणाली, "येवा, च्या घेवा." तुम्ही छत्री टाकून तिच्या ताडपत्रीची टोकं बांधायला धावलात. आत चुलीपाशी बसून मी बघत होते, भिजत भिजत गाठी मारणारा एक माणूस. इतक्या वर्षांत तुम्हाला काम करताना मी पहिल्यांदाच बघत होते. तुम्ही काम करायचात तेव्हा मी कधी तिथं नसायचीच.

आणि तो ओढा. पुलावरून पाणी वाहत होतं, तुम्ही म्हणालात, "टायर बुडत नाही एवढ्यात," आणि गिअर टाकलात. मी किंचाळले, "थांब रे! मरायचंय का तुला?"

तुम्ही ब्रेक मारलात. गाडी थांबली. आणि तुम्ही हसायलाच लागलात. "अरे-तुरे! सिस्टर, तुम्ही मला अरे-तुरे केलंत!" नंतर दिवसभर तुम्ही मधूनच हसायचात, परत आल्यावर रफिकभाईंना सांगितलंत, मनूला फोनवर सांगितलंत. मी पुन्हा तसं म्हणावं म्हणून मुद्दाम डबक्यातून गाडी घालायचात. मी म्हटलं नाही. लाज वाटली. आता वाटतं, म्हणायला काय जात होतं?

पण सगळंच काही गोड नव्हतं, उगाच आता देव्हाऱ्यात बसवत नाही तुम्हाला. माणूस गेला की त्याचं सगळंच चांगलं होतं म्हणायची पद्धत आहे, ती मला जमत नाही. पाऊस थांबेना, बाहेर पाय ठेवता येईना, आणि समोरासमोर बसलेल्या आपल्या दोघांना बोलायला काही सुचेना. उंबऱ्यावर जे बोलायचो तेवढंच आपल्याला येत होतं. मनूचं झालं, घराचं झालं, गुडघ्याचं झालं. मग गप्प. आणि मग तुम्ही गाडीबद्दल सुरू झालात. सरकतं दार अडलं की आधी थोडं उचल, मग ओढ. डावा वायपर मध्येच बसतो, त्याला एक टिचकी मार. बेसिनचा पाइप उजवीकडे फिरवू नकोस, निघून हातात येतो. सकाळी चालू होत नसेल तर ॲक्सिलरेटरवर पाय नको ठेवूस, नुसती किल्ली फिरवून धर, दमानं घेते ती. थर्ड गिअर दाबून टाक, नाहीतर रुसते. हे सकाळी, हे दुपारी, हे जेवताना. मी ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, आणि वेंगुर्ल्याजवळ एका दुपारी माझा बांध फुटला.

"माझ्याशी बोलायला तुमच्याकडे या खटाऱ्याशिवाय काही नाही का हो?"

"मग काय बोलू? तू सांग."

"तेही मीच सांगू?"

तुम्ही काचेवरची वाफ हातानं पुसलीत. बाहेर काही दिसत नव्हतंच. तिकडंच बघत म्हणालात, "उघडेल."

मला असा संताप आला! म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी चला. तुम्ही म्हणालात, एक दिवस थांबू, उद्या नक्की उघडेल, समुद्र बघून जाऊ. मी म्हटलं, तो पाऊस आहे, ओव्हरटाइम नाही, थांबलं की मिळेल असा. तुम्ही अडून बसलात, मी अबोला धरला. अबोला धरायला जागा तरी किती, तुमच्या गुडघ्याला माझा गुडघा लागत होता. शेवटी तुम्हीच गाडी वळवलीत. घाट तुम्ही चढवलात. कोल्हापूरच्या पुढं तुमचे डोळे दुखायला लागले म्हणून हायवेला मी चालवली. माझं लायसन्स होतं, पण हात कधी बसला नव्हता. तुम्ही शेजारी बसून परत तेच, थर्ड दाबून, वायपरला टिचकी. मी दात-ओठ खात ऐकत होते. पुणं जवळ आलं तसा पाऊस सरत गेला, आणि घराजवळच्या डांगे चौकात सिग्नलला अडकलो तेव्हा असं लख्ख ऊन पडलं की डोळे दिपले. रिक्षा, बस, टेम्पो, सगळे हॉर्न मारत उन्हात तापत उभे. तुम्ही काच खाली केलीत, हात बाहेर काढून ऊन तळव्यावर घेतलंत आणि म्हणालात, "बघ. उघडलं."

"हे बघायला डांगे चौकातून हलायची गरज नव्हती," मी म्हटलं.

ते भांडण संपलंच नाही. एक दिवस थांबायला हवं होतं, हे तुमचं. गेलो तेवढं पुष्कळ होतं, हे माझं. वर्षभर चाललं. वरणात मीठ कमी पडलं तरी तुम्ही म्हणायचात, एक दिवस थांबली असतीस तर समुद्र दिसला असता. पुन्हा जायचं ठरत होतं, या दसऱ्यानंतर. पलंग रुंद करायचंही ठरत होतं. रफिकभाई म्हणाले, आणा गाडी, दोन दिवसांत करून देतो. तुम्ही आज नेतो, उद्या नेतो करत राहिलात. मला वाटतं तुम्हाला तो रुंद करायचाच नव्हता. मलाही नव्हता, म्हणून मीही विषय काढला नाही. आपण एकमेकांना हे सांगितलं मात्र नाही.

मग तुमची छाती दुखली.

मी सगळी नोकरी मॉनिटरच्या उजेडात काढली आहे, मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. हॉस्पिटलात तुमच्या पायाशी बसून राहिले. मनू बेंगळुरूहून आली होती, सकाळी मला सोडवायला यायची. त्या दिवशी तिची रिक्षा अडकली, कुठं माहीत आहे? डांगे चौकात. मी उठेना. रिलीव्हर आल्याशिवाय मी कशी उठेन? तुम्हाला बरं वाटत होतं, रंगही जरा फिरला होता. तुम्ही म्हणालात, "किती वेळ बसशील अशी? खाली जाऊन चहा पिऊन ये." मी म्हटलं, मनू येऊ दे. तर तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "जा, मी आहे."

आणि मी गेले. इतक्या वर्षांची सवय. ते वाक्य कानावर पडलं की माझे पाय आपोआप जिन्याकडे वळायचे, तसे वळले. मागं बघितलं नाही. वर आले तेव्हा तुम्ही नव्हता.

अहो, मी तुमच्यावर फार चिडले आहे. लोक समजूत घालतात, शांतपणे गेले, नशीबवान. मला ते ऐकवत नाही. तुम्ही नियम मोडलात. तुम्ही, ज्यांनी रिलीव्हर आला नाही म्हणून लागोपाठ दोन शिफ्ट काढल्या आहेत, ते तुम्ही चार्ज न देता निघून गेलात. वर तोंडानं म्हणालात, मी आहे. कुठं आहात? तेव्हापासून मी या घरात शोधते आहे तुम्ही काय सांगायचं ठेवून गेलात ते. खिसे बघितले, फोन बघितला, ड्रॉवर उपसले. काही नाही. म्हणून तर बूड टेकत नाही माझं. ज्याला कुणी सोडवलंच नाही, त्यानं बसायचं कसं?

मनू बारावा-तेरावा झाल्यावर परत गेली. जाताना म्हणाली, "आई, ती गाडी काढून टाक आणि तू माझ्याकडे ये. बाबांशिवाय त्या गाडीचं तू करणार काय?" सोसायटीचे सेक्रेटरीही दारात येऊन गेले, "काकू, घाई नाही, पण व्हिजिटर पार्किंग अडतंय, बघा जरा." दोघांचंही बरोबरच आहे. मी रफिकभाईंना फोन केला की गिऱ्हाईक बघा.

तर काल ते घेऊन आले. आकुर्डीचं जोडपं, नवीनच लग्न झालेलं. मुलगा चाकणलाच नोकरीला. गोड पोरं होती, नावं ठेवायला जागा नाही. बाहेर पाऊस लागला होता, यंदाही दसरा आला तरी तो जायचं नाव घेत नाहीये. मुलीनं आत डोकं घातलं आणि म्हणाली, "कित्ती क्यूट आहे रे! फक्त हा बेड काढायला लागेल. सिंगलच केलाय ना, काकू? हा तोडून इथं मोठा बसवू." तिनं फळीवर हात आपटून बघितला. माझ्या पाठीवर आपटल्यासारखं झालं.

मुलगा म्हणाला, "काकू, गाडीत काही प्रॉब्लेम असेल तर आत्ताच सांगा हां. नंतर कुणाला विचारणार आम्ही?"

"सांगते ना," म्हटलं. आणि सांगायला लागले. दार अडलं की आधी उचलायचं, मग ओढायचं. डाव्या वायपरला टिचकी. बेसिनचा पाइप उजवीकडे फिरवायचा नाही. सकाळी नुसती किल्ली धरायची, ती दमानं घेते. थर्ड दाबून. ड्रायव्हरच्या डोक्यावर गळतं, आतून कितीही सीलंट लावा थांबत नाही, बाहेरून पत्र्याच्या जोडात लावायचं. चढावर तापली तर हीटर चालू करायचा, उकडेल, पण इंजिन निवतं. मी बोलत होते आणि थांबताच येईना. मुलगा मोबाइलवर लिहून घेत होता. रफिकभाई पान चघळायचे थांबले.

"भाभी," ते म्हणाले, "हीटरचं तर मला पण नव्हतं माहीत."

माझा हात दारावर होता, तो तसाच राहिला. मला कोणी सांगितलं हे सगळं? कधी? मी कधी गाडीखाली वाकले नाही, बॉनेट उघडलं नाही. सकाळी, दुपारी, जेवताना, पावसात कोंडून घालून, मी वैतागत असताना, अबोला धरलेला असताना, तुम्ही एकेक करून मला सगळं सांगत होतात. मी विचारलं, माझ्याशी बोलायला काही नाही का? अहो, तुम्ही बोलतच होतात. तुम्हाला जी भाषा येत होती तिच्यात. घाई नव्हती तुम्हाला, काही दुखतखुपत नव्हतं, पण माणूस जागा सोडणार असला की सांगून ठेवतो, ही तुमची हाडाची सवय. तुम्ही चार्ज दिला होतात. घेतला नाही असं मला वाटत होतं, पण बघा, शब्दन् शब्द घेतलाय.

"काकू? मग कधी नेऊ गाडी?" मुलानं विचारलं.

"द्यायची नाही."

तो गोंधळला. "पण काका तर... म्हणजे चालवणार कोण?"

"मी. कोल्हापूरपासून मीच आणली होती गेल्या वेळी."

"आणि राहणार एकट्या?" मुलगी म्हणाली. तिला खरंच काळजी वाटली होती.

"पलंग एकाच माणसाच्या मापाचा आहे," मी म्हटलं.

रफिकभाईंनी मान दुसरीकडे वळवली. पोरांना मी वर नेऊन चहा पाजला, उगाच पावसात यायला लावलं म्हणून. सेक्रेटरींना सांगितलं, गाडी आपल्या स्वतःच्या जागेत लावते, ह्यांची स्कूटर तिथं आहे ती रफिकभाईंना देऊन टाकते. मनूला फोन केला. ती आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली, "निदान पाऊस बघून जा." मी म्हटलं, पावसाचं तुझ्या बाबांना विचार.

पोरं गेल्यावर दुपारी मी गाडीत जाऊन पडले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. खूप दिवसांनी पाठ टेकली. ऐसपैस आहे हो पलंग, तुमचं माप चुकलं नव्हतं. थोड्या वेळानं कूस बदलायची वेळ आली आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "मी वळतेय." कुणी "वळ" म्हणालं नाही. मग मात्र मी रडले, हॉस्पिटलात रडले नव्हते ते सगळं रडले. आणि मग आपली आपण वळले.

दिवाळी झाली की निघणार आहे. वेंगुर्ल्यालाच जाते, त्याच जागी. तुमचा तो एक दिवस थांबते. दुसऱ्या दिवशी उघडलं नाही तर तिसऱ्या दिवशी थांबते. समुद्र दिसला तर मान्य करीन की तुमचं बरोबर होतं. दिसला नाही तर भांडण पुढं चालू.

तर ही अशी सगळी ओव्हर आहे. मनू पोहोचली, जेवतेय नीट. दूध सध्या एकच पिशवी घेते. गॅस मागवलाय. तुमचे बूट दारातच आहेत, ते मी काही दिवस हलवणार नाही. गाडी चालू आहे, आज सकाळीच किल्ली धरून बसले, दमानं घेतलं तिनं. राहिलंय असं काही आठवत नाही. आणि राहिलं असेल तर मी बघून घेईन.

रिलीव्हर आलाय रे. जा तू, मी आहे.